पावसाळ्यात ऑटोक्लेव्हमधून ओलं निघालेलं पाकीट
ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेनं उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र; पाकीट म्हणजे ती उपकरणं ज्यात बंद करून आत ठेवतात ते कागदी वेष्टन. जून ते सप्टेंबर गोव्याच्या दमट हवेत हे पाकीट बाहेर ठेवून वाळेल, ही आशा सोडा. ओला कागद जंतू अडवत नाही; हातावरचे जंतू ओलाव्याबरोबर आत शोषले जातात. म्हणून १३४ अंशांचा निर्जंतुकीकरणाचा टप्पा संपला तरी ड्रायिंग, म्हणजे वाळवण्याचा टप्पा, पूर्ण होईपर्यंत दार उघडू नका, खुर्चीत पेशंट खोळंबला असला तरीही. पाकिटं रॅकमध्ये उभी ठेवा, एकमेकांना चिकटू देऊ नका. दाटीवाटी हेच ओलाव्याचं नेहमीचं कारण. तरी ओलं निघालंच तर नवं पाकीट आणि पुन्हा पूर्ण सायकल. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणून फसू नका; पाकीट यंत्रातून गेलं एवढंच ती दाखवते, कोरडेपणा सांगत नाही. आणि सिंकखालच्या कपाटात साठवण अजिबात नको.