माठातलं खत: इंदूरच्या गॅलरीसाठी

इंदुरात ओला-सुका कचरा वेगळा ठेवायची सवय घराघरात आहेच. ओला कचरा गाडीतून देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पात जातो आणि त्यातून गॅस तयार होतो, तेही उत्तमच. पण गॅलरीत चार कुंड्या असतील, तर ओल्या कचऱ्यातला काही भाग खतासाठी घरीच ठेवणं फायद्याचं.

चार माणसांच्या घराला २०-२५ लिटरचे तीन माठ लागतात. एक भरला की दुसरा घ्यायचा. तिसरा भरेपर्यंत पहिल्यातलं खत तयार होतं. जुना, पाझरणारा माठही चालतो. भोकं पाडण्याआधी माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. जागेवर चिकटपट्टी लावून ६ मिमीच्या बिटने, ड्रिलची हॅमरची (ठोके देणारी) सोय बंद ठेवून, हळू ड्रिल करा. नाहीतर माठ तडकतो. तळाला पाच, बाजूंना दहा-बारा भोकं पुरेत. खाली ताटली हवीच, वर जाळीचं कापड.

तळाशी चार बोटं नारळाच्या शेंड्या किंवा काड्या घाला. त्यावर दोन मुठी जुनं खत, नसेल तर वाटीभर आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडा. मग रोजची सालं, देठं इंचभर चिरून, पाणी निथळून टाकायची. साखर-दुधाचा चहाचा चोथा आधी धुवा. आमटी, मांस-मासळी, तेलकट शेव माठात नको. दाणे काढलेली कणसंही नकोत, ती महिनोन् महिने कुजत नाहीत.

खरी मेख सुक्या मालात आहे. जितका ओला कचरा, तितकीच चुरलेली सुकी पानं प्रत्येक वेळी वर पसरायची. नव्वद टक्के तक्रारी इथेच आळस केल्याने होतात, असं आमचं मत. पानं फाल्गुन-चैत्रात पोतं भरून ठेवावीत, पावसाळ्यात कोरडी मिळत नाहीत. लाकडाचा भुसा पानांच्या निम्म्याने लागतो, पण प्लायवुडचा घेऊ नका, त्यात डिंकाची रसायनं असतात.

दर तीन-चार दिवसांनी ढवळा आणि मूठभर माल पिळून पाहा. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर पानं वाढवा. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे आत हवा नाही. झणझणीत अमोनियाचा वास म्हणजे ओला कचरा जास्त. दोन्हीवर उपाय एकच: सुका माल आणि ढवळणं. मुंग्या लागल्या तर माल कोरडा पडलाय. एप्रिल-मे महिन्यांत असं होतंच, तेव्हा पाणी शिंपडा. पांढरी बुरशी काम करतेय, तिला हात लावू नका. जाडजूड तपकिरी अळ्या पाहून अनेकजण माठच फेकून देतात. त्या निरुपद्रवी असतात, वर पानांचा जाड थर द्या, पुढे कमी होतील.

माठ भरल्यावर दोन महिने ठेवून, मातीचा वास आला की चाळा आणि पंधरा दिवस उघड्यावर मुरू द्या. माळव्याची काळी माती चिकट असते, म्हणून तीन भाग माती, एक भाग खत, थोडी वाळू. माठ फारसा तापत नसल्याने बिया मरत नाहीत, त्यामुळे गुलाबाच्या कुंडीत टोमॅटो उगवला तर दचकू नका.