एल्फराजाचं आयुष्य कसं लिहावं? आधी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढा

फॅन्टसी लिहायला बसलेल्या बहुतेकांचा एल्फराजा पहिल्याच पानावर सिंहासनावर बसतो. रुपेरी केस, टोकदार कान, हजारो वर्षांचं आयुष्य, कमरेला तलवार. तिसऱ्या पानावर त्याचं आता करायचं काय, हे कुणालाच सुचत नाही. माझा असा एक राजा वहीत चार वर्षं नुसता बसून होता. मी त्याला वय दिलं होतं, काळ दिला नव्हता.

म्हणून पहिली पायरी गणिताची. तो एकूण किती जगणार हे राहू द्या. माणसांची किती वर्षं सरली की त्याचं एक वर्ष होतं, तो दर ठरवा. समजा, चाळीसाला एक. मग दोन हजार वर्षांचा राजा पन्नाशीतला दिसेल. इथवर सगळे येतात. पुढचा भागाकार कुणी करत नाही. माणसांतला त्याचा एक मित्र विसाव्या वर्षी भेटला आणि ऐंशीव्या वर्षी गेला. साठ वर्षांची मैत्री राजाच्या लेखी दीड वर्षाची झाली! अकरा महिन्यांचा करार एकदा वाढवला तर आपल्याकडे भाडेकरूसुद्धा त्याहून जास्त टिकतो.

काळ मोजायचं माप नाशिककराच्या घरातच आहे. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, म्हणजे साधारण बारा वर्षांनी. 2003, 2015 आणि आता 2027. ‘हा पूल मागच्या सिंहस्थातला’ असं आपण सहज बोलून जातो. माणसाच्या वाट्याला सहा-सात सिंहस्थ येतात. बाराशे वर्षांच्या राजाचे शंभर झालेले असतील. त्याच्या जंगलालाही असं एखादं माप द्या. आपल्या सह्याद्रीत कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तसं काहीतरी. ‘पाच बहरांपूर्वी’ असं तो म्हणाला, की ‘पस्तीस वर्षांपूर्वी’ हे सांगायची गरज उरत नाही.

दुसऱ्या पायरीसाठी खरोखरच पायऱ्या चढायच्या आहेत. सकाळी नाशिकच्या पांडवलेण्यावर जा, क्रमांक 3 च्या लेण्यात थांबा. तिथे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं ती त्यात सांगते. नवशिका लेखक हे वाक्य उचलतो आणि खूश होऊन घरी येतो. तुम्ही त्याच लेण्यातले सातकर्णीचे स्वतःचे दोन हुकूम बघा. अठराव्या वर्षी, वैजयंतीच्या विजयी छावणीतून, तो गोवर्धनच्या अमात्याला कळवतो, की लेण्यातल्या भिक्षूंना ककडी गावातली 200 निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) जमीन द्या. चोविसाव्या वर्षी पुन्हा हुकूम. ते गाव वसलेलं नाही, शेत कुणी कसत नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरची राजाच्या मालकीची 100 निवर्तनं द्या.

तीन समुद्रांतून राजाचा दरारा कळतो. राज्य कसं चालायचं, ते कळतं या ओस पडलेल्या गावामुळे. तुमच्या एल्फराजालाही असा एक फसलेला हुकूम द्या आणि तो सहा वर्षांनी दुरुस्त करायला लावा. सहा वर्षं म्हणजे त्याच्या हिशेबात पावणेदोन महिने, हे मात्र विसरू नका. लढाई हवीच असेल तर तिचा मागे उरलेला माल दाखवा. 1906 साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला चांदीच्या 13 हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप घराण्यातल्या राजा नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर सातकर्णीने आपली छाप मारलेली. हरलेल्या राजाचा चेहरा खाली, जिंकलेल्याची खूण वर. युद्धाची दहा पानं लिहायची वाचतील.

वारसाचा प्रश्न थोडक्यात. जो मरत नाही त्याचा युवराज करतो काय? भांडी बाजारात एखाद्या जुन्या दुकानासमोर उभे राहा. ऐंशीचे वडील गल्ल्यावर, पंचावन्नचा मुलगा गिऱ्हाइकाला पातेली काढून दाखवतोय. त्या मुलाचं वय चाळीसपट करा, बस.

नावावर मात्र वेळ घालवा. एल्फचा यक्ष किंवा गंधर्व करू नका; त्यांची कूळकथा वेगळी. एल्फ उत्तर युरोपच्या लोककथांतला आहे. नवव्या शतकातल्या इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या नावाचा अर्थच ‘एल्फची मसलत’ असा होतो. पण तुम्ही लिहिणार मराठीत, तेव्हा नावाला विभक्ती लावून मोठ्याने म्हणा. माझा राजा आधी ‘थालिन’ होता. ‘थालिनने’ म्हणताना जीभ दर वेळी अडखळायची. ‘थालिर’ केलं, ‘थालिरने’ आलं, आणि सुटलो.

मग ठरवा, की त्याला ‘अरे’ कोण म्हणतं. मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात असलेलं हे सगळ्यात धारदार हत्यार, आणि भाषांतरित फॅन्टसी वाचून आपण ते बोथट केलंय. दरबार अहो-जाहो करणार. दाई, लहानपणचा सवंगडी, आई एवढीच माणसं अरे-तुरे करणार, आणि हजार वर्षांत ती एकेक करून जाणार. ज्या दिवशी त्याला ‘अरे थालिर’ म्हणणारं कुणीच उरत नाही, तो प्रसंग राज्याभिषेकापेक्षा आधी लिहून काढा.

शेवटी एक छोटा प्रसंग लिहून बघा. दर बरोबर बसला की नाही, ते लगेच कळतं. माझा असा जमला. सीमेवरच्या माणसांच्या गावांचा कारभारी कागद घेऊन उभा आहे.

“ती जमीन पडीक आहे, महाराज. कसायला कुणी नाही.”

“परवाच तर दिली. तुझ्याच हातात हुकूम दिला होता.”

कारभाऱ्याने कागद खाली घेतला.

“ते माझे आजोबा, महाराज.”