गोल्फ: तिरप्या ग्रीनवर थ्री-पट कसे टाळायचे

मागच्या रविवारी ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, सहा फुटांवरनं चार पट (बॉल लोळवत होलात घालायचे फटके) मारले. बॉल होलच्या वर होता, नुसता ढकलला तरी कपाची कड चाटून सुटला तो बारा फूट खाली जाऊन थांबला, मग चिडून वर मारला तो तीन फूट कमी पडला, तोही चुकला, चौथा एकदाचा पडला. आपल्यालाच होतं असं नाही हो, १९९८ च्या गोल्फच्या यूएस ओपनला ऑलिंपिक क्लबच्या १८ व्या होलवर अमेरिकन गोल्फर पेन स्ट्युअर्टचा आठेक फुटांचा बर्डी पट (होलला ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी करणारा) चुकला आणि बॉल लोळत लोळत २५ फूट खाली गेला, बोगी (एक फटका जास्त) झाली, आणि ती स्पर्धा तो शेवटी एका स्ट्रोकने हरला.

म्हणून पहिली गोष्ट, पटर (पट मारायची काठी) हातात घ्यायच्या आधीची. अ‍ॅप्रोच (ग्रीनवर आणणारा फटका) मारताना, ग्रीनच्या बाहेरनं छोटा चिप करतानासुद्धा, होलच्या खालच्या बाजूला राहायचं. वरचा चार फुटांचा पट आणि खालचा दहा फुटांचा, यातला मी डोळे झाकून खालचा घेईन, कारण चढावर बॉल दाबून मारता येतो, ब्रेक (उतारामुळे बॉलला येणारं वळण) कमी लागतो आणि चुकला तरी जवळच राहतो. उतारावर बॉल हळू सोडावा लागतो, तो जास्त वेळ लोळतो, म्हणून तेवढाच तिरपेपणा त्याला जास्त ओढतो.

ग्रीनवर गेल्या गेल्या बॉल मार्क करा (मागे नाणं ठेवून जागेची खूण करा), उचला, पुसा, परत ठेवा. आळस करू नका. एकदा उचलून ठेवलेला बॉल नंतर वाऱ्याने किंवा उताराने घरंगळला तर पेनल्टी न घेता मूळ जागी ठेवायचा असतो, पण उचललेलाच नसेल तर जिथे जाऊन थांबेल तिथनंच खेळायचं, मग तो भले वीस फूट खाली जावो.

आता लाईन, म्हणजे बॉल कुठल्या रेषेत जाणार ते. आमच्याकडचे एक जुने कॅडी (खेळाडूची बॅग उचलणारे, सल्ला देणारे) आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते आधी विचारतात, "सर, होलापाशी घागर उपडी केली तर पाणी कुठं पळंल?" ते पाणी ज्या रेषेत पळेल ती उताराची सरळ रेषा. त्या रेषेवरनं वरनं मारा की खालनं, पट सरळ जातो, आणि तिच्यापासून जितके आडवे जाल तितका ब्रेक वाढतो. ही रेषा सापडली की अर्धं काम झालं. डोळ्यांनी नाही कळलं तर बॉल आणि होलच्या मधोमध पाय फाकवून उभे राहा, कुठल्या तळव्यावर वजन येतंय ते लगेच कळतं.

आडव्या पटात सगळे एकच चूक करतात, मीपण केलीये. बॉल जिथनं वळताना दिसतो तो सगळ्यात वरचा पॉइंट बघतात आणि त्यावरच नेम धरतात. पण बॉल पटरवरनं सुटल्या क्षणापासून खाली यायला लागतो, त्यामुळे त्या पॉइंटवर मारलेला बॉल त्या पॉइंटपर्यंत पोचतच नाही, खालनंच निघून जातो. नेम त्याच्याही वर हवा. दुसरं म्हणजे होलचं तोंड समोर आहे असं धरू नका. उजवीकडनं डावीकडे ब्रेक असेल तर घड्याळात तुमच्याकडची बाजू ६ धरा, बॉल ४ किंवा ५ वाजल्याच्या जागेतनं आत शिरणार. त्या जागेकडे बघून मारा. खालच्या बाजूनं चुकलेला बॉल होलपासून लांबच जात राहतो, वरनं चुकणाऱ्याला निदान आत पडायचा चान्स तरी असतो. कप फक्त ४.२५ इंचाचा आहे, पण मरत मरत आलेल्या बॉलला तो सगळा वापरता येतो, जोरात आलेल्याला फक्त मधला भाग.

सरळ उताराला मामांचा सल्ला साधा: "होलाकडं बघायचंच न्हाई." म्हणजे होलच्या अलीकडे एखादा डाग, जुन्या पिचमार्कची (बॉल आपटून पडलेल्या खड्ड्याची) खूण शोधायची आणि बॉल तिथं जेमतेम पोचवायचा, पुढचं उतार बघतो. दोन पायऱ्यांच्या ग्रीनवर पण हेच, वरच्या पायरीच्या कडेला बॉल जवळजवळ थांबला पाहिजे. ग्रीप थोडी खाली पकडा, बॅकस्ट्रोक छोटा ठेवा. मोठा घेऊन मध्येच हात आखडला की गेलंच. फारच घसरगुंडी असेल तर बॉल पटरच्या टोकाकडे लावून मारा, फटका मेल्यासारखा बसतो. आणि पिन (होलमधली झेंड्याची काठी) काढू नका, २०१९ पासून ती ठेवून पट मारता येतो, उतारावर वेगात आलेला बॉल तिच्यावर आपटून थांबला तर आपलाच फायदा.

बर्म्युडा जातीच्या गवताच्या ग्रीनवर गवताची दिशाही बघा. गवत चकाकताना दिसलं तर तुमच्यापासून लांब झुकलंय, बॉल पळणार, गडद दिसलं तर अडणार. उतार आणि चकाकी एकाच दिशेला असेल तर अजून हळू.

सरावाला एक होल उतारावर निवडून भोवती चार बाजूंना चार फुटांवर टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) खोचा आणि चारही पट सलग घालेपर्यंत घरी जायचं नाही. जमलं तर सकाळी लवकर जा, दव असताना, आधीच्या माणसाच्या बॉलची ओळ दवात उमटलेली असते आणि ब्रेक कुठनं सुरू होतो ते आयतं दिसतं, फुकट.