भट्टी पुरेशी तापूनही चिमणीतून थिनरचा वास का येत होता

पत्र्याच्या गुंडाळ्यांना रंग देणाऱ्या आमच्या लाइनवर ओव्हनमधून निघणारी विद्रावकाची वाफ दोन सिरॅमिक थरांच्या पुनर्जनक ऑक्सिडायझरमध्ये जाळली जाते. या यंत्रात झडपा ठरावीक वेळाने हवेची दिशा बदलतात, म्हणजे बाहेर जाणाऱ्या गरम हवेने तापलेला थर पुढच्या वेळी आत येणारी हवा तापवतो. ज्वलनकक्षाचे तापमान ८२० अंश सेल्सिअसवर स्थिर असूनही चिमणीपाशी थिनरचा वास येऊ लागला आणि गॅसचा खप वाढला, तेव्हा सर्वांनी बर्नरला दोष दिला. मलाही आधी तेच वाटले होते.

चिमणीत हायड्रोकार्बन मोजणारा विश्लेषक लावल्यावर खरे कारण दिसले. हवेची दिशा बदलताना दोन थरांच्या यंत्रात क्षणभर न जळलेली वाफ सुटतेच. आमच्याकडे मात्र दोन बदलांच्या मधल्या काळातही आकडा खाली येत नव्हता, म्हणजे वाफ ज्वलनकक्षाला वळसा घालून थेट चिमणीत जात होती. यंत्र थंड करून उघडले, तर एका झडपेच्या बैठकीवर रंगातील रेझिनचा कडक थर साचला होता. तो खरवडून आम्ही सील बदलले आणि वास थांबला.

गॅसचा प्रश्न वेगळाच निघाला. ओव्हनमधून गरजेपेक्षा जास्त हवा खेचली जात असल्याने वाफ फार विरळ होती आणि तिच्या ज्वलनातून मिळणारी उष्णता ही जास्तीची हवा तापवण्यात वाया जात होती. वाफेचे प्रमाण स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (हवेत ज्या किमान प्रमाणाला वाफ पेट घेऊ शकते, त्याच्या) २५ टक्क्यांखाली राहील, अशी इंटरलॉकची (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेची) खात्री करूनच पंख्याचा वेग टप्प्याटप्प्याने कमी केला.