लघुकथा कशी लिहायची? कानबाईच्या रोटाचं उदाहरण घेऊन बघू

आपल्या खान्देशात रंगवून गोष्ट सांगणारी माणसं घरोघरी आहेत, पण लिहायला बसलं की बरेच जण पात्राच्या जन्मापासून सुरू करतात आणि तिसऱ्या पानावर दमतात. लघुकथेला एवढं लागतच नाही. एक माणूस, त्याला मनापासून हवी असलेली एक गोष्ट आणि आडवं येणारं काहीतरी, एवढं आधी पक्कं करा. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो यांनी १८४२ मध्येच लिहून ठेवलंय की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि सगळ्याचा मिळून एकच परिणाम व्हावा. मला अजूनही ही फूटपट्टी सगळ्यात भरवशाची वाटते.

आता उदाहरण घेऊ. अमळनेरकडचं एक गाव, श्रावण, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आपल्या खान्देशातली देवी, घरात बसणार. रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने गहू मोजायचे असतात. धाकटा भाऊ वाटणीवरून भांडून सुरतला गेलाय, बोलणं बंद. मोठ्या सुनेला वाटतं दिराने यंदा यावं, नवरा फोन करायला तयार नाही. झालं, पात्र, इच्छा, संघर्ष तिन्ही आले.

सुरुवात वाटणीच्या भांडणापासून करू नका, थेट गहू मोजायला बसलेत तिथून करा. सणाची तारीख ठरलेली असते, त्यामुळे ताण आपोआप येतो. जुनं भांडण मध्येच कुणाच्या तरी बोलण्यातून दोन ओळीत येऊ द्या, बास.

मग सांगणार कोण ते ठरवायचं, आणि इथे अजिबात घाई नको. सुनेच्या नजरेतून सांगितली तर नवऱ्याच्या मनातलं तिला दिसत नाही, तिला दिसते फक्त त्याची पाठ, तो ओट्यावर बसून धार असलेला विळाच पुन्हा घासतोय. नवऱ्याच्या तोंडून सांगितली तर तीच कथा रागाची होते. आणि आठ वर्षांच्या पोराच्या नजरेतून सांगितली तर त्याला एवढंच कळतं की आई मोजता मोजता एका मुठीपाशी थांबली, का थांबली ते वाचकाला कळतं, पोराला नाही. तिन्ही चालतील पण एकच घ्या, मध्येच दुसऱ्याच्या डोक्यात शिरलात की वाचक गोंधळतो. पहिला परिच्छेद तिन्ही प्रकारे लिहून बघा, कोणता पुढे पळतो ते लगेच समजतं.

संवादात माणसं मनातलं सरळ बोलत नाहीत. "मला त्याचा राग आलाय" असं नवऱ्याला म्हणायला लावू नका, "मन्हं घर त्याले माहीत शे" एवढंच म्हणू द्या. त्यात राग आहे आणि त्याने यावं हेही आहे. अहिराणी, ही आपली खान्देशी बोली, बिनधास्त वापरा, पूर्ण कथा अहिराणीत लिहिली तरी उत्तमच, फक्त निवेदन आणि संवाद कोणत्या भाषेत ते एकदा ठरवलं की शेवटपर्यंत पाळा.

वातावरणासाठी तापी, केळीच्या बागा, भरीत सगळं एका पानात कोंबायची गरज नाही. सुनेच्या हाताला लागतं तेवढं लिहा, सुपातला खडा पुरतो.

कळसाला पात्राने स्वतः काहीतरी करायला हवं. दीर अचानक दारात उभा राहिला तर ती लेखकाने केलेली सोय झाली. त्यापेक्षा सून नवऱ्यादेखत दिराच्या नावाची मूठ गव्हात टाकते आणि तो काही बोलत नाही, इथे थांबा. तो आला की नाही हे सांगायची गरज नाही, कारण प्रश्न हे घर त्याला अजून आपल्यात मोजतं का हा होता.

लिहून झालं की दोन-चार दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळते ती वाक्यं तोडा, पहिला परिच्छेद काढून बघा, बरेचदा कथा दुसऱ्यापासूनच सुरू झालेली असते. नंतर दिवाळी अंकाला पाठवा, १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकाच्या अंकापासून ही परंपरा चालू आहे आणि नव्या लेखकांना तिथे जागा मिळते. अंकाचं आवाहन नीट वाचा, शब्दमर्यादा पाळा, एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका आणि स्वतःकडे एक कॉपी ठेवा.