चिकट बॅकपॅकरची खोटी ट्रॅव्हल सिरीज कशी काढायची, एसटीच्या खर्चात

यूट्यूब उघडलं की दर तिसरा माणूस पाठीवर सॅक टाकून "पाचशे रुपयांत अख्खं कोकण" करत असतो. ते बघताना तुमच्या डोक्यात पहिला प्रश्न "अरे पण हा जेवला कुठे आणि परत कसा आला" असा येत असेल तर मॉक ट्रॅव्हल सिरीजचा माल तुमच्याकडे आधीच आहे. करायचं काय, तर असला एक माणूस आपणच तयार करायचा आणि गंभीर चेहऱ्याने कॅमेरा घेऊन त्याच्यामागे फिरायचं, जणू खरीखुरी डॉक्युमेंटरी चाललीये. दोन-तीन मित्र, बऱ्यापैकी एक फोन आणि हसू दाबता येईल असा एक नट, बास. खाली सगळं कोकण धरून लिहितोय कारण रेवसपासून बांद्यापर्यंत एसटी, पॅसेंजर, फेरीबोट सगळं एकाच पट्ट्यात मिळतं. तुमचं विदर्भात जमत असेल तर तिकडे करा, शेगावचं भक्तनिवास हा एक अख्खा एपिसोड आहे.

आधी माणूस पक्का करा. त्याला बाळू म्हणू. "बाळू कंजूष आहे" एवढ्यावर एक रील निघते, सिरीज निघत नाही. बाळूला तत्त्वं पाहिजेत, आणि ती तो कॅमेऱ्यासमोर गीतेतल्या श्लोकासारखी सांगतो. झोपायला पैसे द्यायचे नाहीत, पहिल्याने सांगितलेला भाव कधी मान्य करायचा नाही, आणि प्रत्येक रुपया वहीत. तिसरं तत्त्व सगळ्यात महत्त्वाचं कारण सिरीजचा खरा विनोद त्या वहीत आहे.

आता हे नीट बघा. स्टँडपासून बीचपर्यंत रिक्षावाला साठ रुपये सांगतो. बाळू म्हणतो लूट आहे, आणि चालत निघतो. ऊन. तासाभरात वीस-वीसची दोन लिंबू सरबतं आणि वीसची पाण्याची बाटली, झाले की साठ. पुढे चपलेचा अंगठा तुटतो, शिवायचे वीस. ऐंशी. रात्री बाळू वहीत लिहितो, "रिक्षा : बचत ६०". सरबत जातं 'औषधोपचार' या खात्यात आणि चप्पल 'यंत्रसामग्री दुरुस्ती'त. तोंडाने कोणी काही बोलायचं नाही, कॅमेरा फक्त वहीवर थांबवायचा आणि पान वाचून होईपर्यंत हलवायचा नाही. हिशोब खरा आणि जुळणारा पाहिजे हे मात्र लक्षात ठेवा. दोन हजारांची बिर्याणी वगैरे फेकाफेक केली की मजा गेली, आपल्याकडे लोक बेरीज करून बघतात.

दुसरं पात्र लागणारच, नाहीतर बाळू एकटा बडबडून डोकं उठवेल. माझं मत विचाराल तर मित्र घेऊ नका, आजी घ्या. वय ७६. कारण साधं आहे, एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे. म्हणजे बाळू जी गोष्ट घाम गाळून मिळवायला बघतोय ती आजी बसल्या जागी मिळवतेय आणि तिला त्याचं काही विशेष वाटतही नाही. सीन लिहायचा तर असा लिहा : लाल परी हलली, कंडक्टर आला, बाळू सुट्ट्या पैशांवरून त्याच्याशी पाच मिनिटं हुज्जत घालतो. मग कंडक्टर शेजारच्या आजीकडे वळतो, ती आधार कार्ड दाखवते, मशीन कर्रर करतं आणि शून्य रुपयांचं तिकीट बाहेर येतं. आजी ते चार घड्या घालून बटव्यात ठेवते. बाळू त्या बटव्याकडे बघतोय. इथे झूम, अगदी हळू. मग कट टू बाळूचा इंटरव्ह्यू, डेपोच्या पाणपोईसमोर उभा, "मी ह्या क्षेत्रात आठ वर्षं आहे." एवढंच वाक्य, पुढे काही नको.

वहिनीलाही आणता येईल, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. पण आजी ती आजी.

बाकी एसटीच्या एका योजनेवर पूर्ण भाग उभा राहतो. 'आवडेल तेथे प्रवास' पास चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा मिळतो, त्या मुदतीत कितीही फिरा. बाळू अर्थातच सात दिवसांचा काढणार आणि मग पास वसूल करायचा म्हणून गाडीतून उतरणारच नाही. अलिबाग बघितलं, खिडकीतून. हर्णै बघितलं, खिडकीतून. समोर समुद्र आहे, सगळे उतरून फोटो काढतायत आणि हा आत बसून प्रति किलोमीटर खर्च काढतोय. रात्र डेपोच्या बाकावर.

रेल्वेचा भाग दिवा-सावंतवाडी गाडीवर बसवा, तिला आता नाव एक्सप्रेसचं असलं तरी. रोह्यापुढे मार्ग बराचसा एकेरी आहे त्यामुळे दुसरी मोठी एक्सप्रेस आली की ही बाजूला उभी. हे उभं राहणं तुमच्यासाठी सोनं आहे. शेजारून मांडवी एक्सप्रेस जाते, तिच्या पँट्रीचं खाणं नावाजलेलं, आणि इकडे बाळू घरून आणलेली आदल्या दिवशीची पोळी मोडतोय. बोगदेही वापरा, कोकण रेल्वेवर नव्वदच्या आसपास आहेत आणि रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा आहे. लॉजवाला फोनवर भाव सांगायला तोंड उघडतो आणि गाडी करबुड्यात शिरते. अंधार, खडखडाट, पूर्ण स्क्रीन काळी, खाली नुसतं बाळूचं "हॅलो? हॅलो किती म्हणालात?" हा सीन तुम्ही जितका लांबवाल तितका चांगला. आणि शेवटचा फटका भूगोलच मारतो, सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाहीच, मळगावला आहे. म्हणजे ट्रेनमध्ये जे वाचवलं ते रिक्षात.

फेरीबोट विसरू नका. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, चारही एका ओळीत दक्षिणेकडे उतरत जातात म्हणजे सिरीजचा कणाच तयार. भाव ठरलेला, घासाघीस नाही, आणि मध्ये पाणी असल्याने बाळू रुसून चालू लागू शकत नाही. भाडं वाचवायला तो कुणाच्यातरी गाडीच्या मागच्या सीटवर "आम्ही एकत्रच आहोत" म्हणून बसतो, ते कुटुंब त्याच्याकडे बघतं आणि त्यातला लहान मुलगा तिकीटवाल्याला सांगून टाकतो.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, आणि बरेच जण इथेच घाण करतात. विनोद कायम बाळूवर. गावातल्या माणसावर नाही, त्याच्या भाषेवर नाही, त्याच्या गरिबीवर तर अजिबात नाही. बाळूच्या आजूबाजूचे सगळे शहाणे, कामात असलेले आणि थोडे कंटाळलेले लोक दाखवा. मालवणातल्या खाणावळीत बाळू बांगडा थाळी आणि सुरमई थाळीची तुलना करतोय, काट्याचं वजन वजा करून खाण्यालायक माशाचा दर काढतोय, मोबाईलवर कॅलक्युलेटर. काकी हातात पळी घेऊन उभी. ती चिडत नाही, भांडत नाही, नुसतं म्हणते, "अरे झिला, आदी जेव. हिशोब मगे कर." आणि भात वाढते. ह्या सीनमध्ये जिंकली कोण हे कुणालाही कळतं. काकी जर अडाणी, पैशाला हपापलेली वगैरे दाखवलीत तर तुमची सिरीज म्हणजे शहरातल्या पोरांनी गावात जाऊन केलेली टवाळी होते.

त्यामुळेच खऱ्या माणसांशी लपूनछपून प्रँक नको. खऱ्या कंडक्टरशी सुट्ट्यांवरून नाटक करू नका, त्याचा हिशोब चुकला तर त्याला खिशातून भरायला लागतात, आणि मागे पन्नास माणसं खोळंबतात. कंडक्टर, काकी, लॉजवाला हे नट घ्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हौशी नाटकवाल्यांची काय कमी आहे का, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी मंडळं आहेत, दशावतारातले लोक आहेत, कॉलेजच्या एकांकिकावाली पोरं आहेत. फक्त एक, एकांकिकेतला पोरगा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकतो, त्याला आधी शेजारच्या माणसाशी बोलायला शिकवा. आणि खरी माणसं फ्रेममध्ये येणार असतील तर शूटिंगआधी सरळ सांगून विचारायचं, हो म्हणाले तर त्यांचं ते हो कॅमेऱ्यावरच रेकॉर्ड करून ठेवायचं. बाळू पडद्यावर दहा रुपयांसाठी रडेल, पण कॅमेरा बंद झाला की खाणावळीचं बिल पूर्ण द्यायचं, वर टीपसकट.

परवानग्यांचं थोडक्यात. रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक शूटिंगला परवानगी लागते, ट्रायपॉड उघडलात की कोणीतरी विचारायला येणारच. पुढे गोव्यात घुसायचं असेल तर तिकडची परवानगी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा देते. जंजिरा पावसाळ्यात बंद असतो आणि समुद्रातल्या बोटींचाही तेव्हा भरवसा नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं पडतं. ड्रोनची हौस असेल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा, २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला बरीच सूट आहे पण रेड झोनमध्ये, म्हणजे उड्डाणाला मनाई असलेल्या भागात, परवानगीशिवाय तेही चालत नाही. मी म्हणतो ड्रोन कशाला, बाळूचं ड्रोन म्हणजे बांबूला बांधलेला फोन. त्याचं फुटेज पण वापरा, नारळाच्या झावळीत अडकतो तिथपर्यंतचं.

शूटिंगला फोन पुरतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि शटर मनमानी ठेवलं की लॉजच्या ट्यूबलाइटखाली चित्र फडफडतं. आयफोनवर फोर-के ३० फ्रेमला कमी जागा खाणाऱ्या नवीन फॉरमॅटमध्येही (HEVC) मिनिटाला साधारण १७० एमबी जातात, म्हणजे तासाला दहा जीबी, तेव्हा १०८० वर करा, असल्या सिरीजला जरा ओबडधोबड चित्रच शोभतं. वाचलेले पैसे माईकवर घाला. कॉलरला लावायचा माईक आणि त्यावर ती केसाळ टोपी, नाहीतर फेरीबोटीवर नुसता वारा ऐकू येईल. चित्र हललं तर लोक चालवून घेतात, आवाज गेला की पुढे ढकलतात.

कॅमेरामनने एक सवय लावून घ्यायची, जोक घडतो तिथे किंचित उशिरा पोचायचं. बाळू पडतो, आपण पडतानाचं दाखवत नाही, धप्प आवाज येतो मग कॅमेरा वळतो आणि तो कपडे झटकत "जमिनीची पाहणी करत होतो" म्हणतो. इंटरव्ह्यूत नजर लेन्सच्या जरा बाजूला, प्रश्न विचारणाऱ्याकडे. लेन्समध्ये थेट बघायचं ते फक्त काहीतरी बिनसल्यावर आणि तेही अर्धा सेकंद. एडिटला वाक्य संपल्यावर लगेच कापू नका, दोन सेकंद चेहरा तसाच राहू द्या. आणि हात जोडतो, ते 'बॉइंग' आवाज आणि पोपटाचे मीम टाकू नका, आपण गंभीर आहोत यातच सगळं आहे.

निवेदन जुन्या दूरदर्शन माहितीपटाच्या आवाजात करा. एकदम शुद्ध, संथ, प्रमाण मराठी. "निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केलेल्या या भूमीत आपला प्रवासी पहाटेच्या मंगल समयी मार्गस्थ होत आहे", आणि चित्रात बाळू एटीएमच्या खोलीतल्या प्लगला पॉवरबँक लावून खाली उकिडवा बसलाय, वॉचमन शेजारी उभा. निवेदकाला बाळूची बाजू घ्यायला लावा, तो जितका कौतुक करेल तितकं बरं.

भाग आठ-दहा मिनिटांचे पुरे. ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूब शॉर्ट्स तीन मिनिटांपर्यंत टाकता येतात, तर वहीचं पान वाचण्याचा तेवढाच सीन वेगळा काढून टाका, तोच फिरतो. गाणी सिनेमातली उचलू नका, कॉपीराइटचा क्लेम येतो, ओळखीच्या कुणाकडून पेटीवर चार सुरावटी वाजवून घ्या.

शेवटचा भाग बांद्याला. आजीची फुकट सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच, पुढे पत्रादेवीपासून गोवा, म्हणजे आता तिला तिकीट काढावं लागणार. बाळू पूर्ण सीझन ह्याच क्षणाची वाट बघतोय, त्याने वहीत आजीच्या नावाने नवीन पान पण आखून ठेवलंय. गाडी बांद्याला थांबते, आजी पिशवी उचलते, "बरं रे बाळा, माझी भाची राहते हितं" म्हणून उतरते. खाली भाची स्कूटर घेऊन उभीच असते. कंडक्टर डबल बेल देतो आणि बाळूला विचारतो, "पणजी ना? सुट्टे द्या."