लांडग्याच्या विष्ठेपासून जीनोमच्या आलेखापर्यंत: या चुका टाळा

पॉप्युलेशन जीनोमिक्समध्ये, म्हणजे अनेक प्राण्यांचा डीएनए वाचून त्यांचे समूह समजून घेण्याच्या शास्त्रात, चूक शोधाचा वेश घालून येते. डीएनए कुजका निघाला की निकाल सांगतो, कळपात अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातली वीण) वाढलंय. अर्धे नमुने डीएनए वाचणाऱ्या एका मशीनवर आणि अर्धे दुसऱ्यावर चालवले की आलेखात दोन वेगळे समूह दिसू लागतात. एकाच गुहेतली चार भावंडं नमुन्यात आली की बालाघाटातले लांडगे इतरांपेक्षा निराळे ठरतात. असा निकाल एकदा छापून वन विभागाच्या फाइलीत गेला की तो मागे घेणं महाकठीण. म्हणून मराठवाड्यात काळवीट, लांडगा किंवा बिबट्यावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहितो आहे.

माळावरच बिघडतं ते प्रयोगशाळेत सुधारत नाही

आधी वन्यजीव विभागाच्या परवानगीचा कागद हातात घ्या, मगच पिशवी उचला. विष्ठा तर आहे, तिला काय परवानगी, असं म्हणू नका.

आष्टी-पाटोद्याच्या माळावर किंवा भूम-परांड्याच्या गायरानात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात डीएनएचे बघता बघता तुकडे होतात. त्यामुळे काम पहाटे करा. पांढरी पडलेली, बोटाने चुरा होणारी विष्ठा तिथेच सोडा. ताजी मिळाली तर तिच्यावरचा ओलसर, चकचकीत थर बघा. लांडग्याच्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्या थराला चिकटलेल्या असतात. आत असतात ते केस आणि हाडांचा चुरा, म्हणजे मेंढी, ससा, काळवीट. नवखा माणूस काडीने मधला गाभा उकरतो आणि लांडग्याऐवजी त्याच्या जेवणाचा डीएनए घेऊन येतो. वरचा थर खरवडा आणि शुद्ध इथेनॉलमध्ये बुडवा. इथेनॉल नमुन्याच्या कितीतरी पट हवं. फॉर्मॅलिन चुकूनही वापरू नका.

लेंड्यांचं दुखणं वेगळं. काळवीट, चिंकारा आणि धनगरांच्या शेळ्या-मेंढ्या एकाच माळावर चरतात. नजरेने लेंडी ओळखण्याचा आत्मविश्वास माझ्या पाहण्यात तरी फारसा टिकलेला नाही. आधी मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या) डीएनएच्या एका तुकड्यावरून प्रजाती पक्की करा. शिवाय हद्द राखणारा नर काळवीट ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. त्या ढिगातून वीस नमुने उचलले तरी प्राणी एकच असू शकतो. म्हणून पुढच्या गणिताआधी प्रत्येक नमुना कोणत्या प्राण्याचा, हे जनुकीय खुणांवरून वेगळं करून घ्या.

खोटं अंतःप्रजनन

विष्ठेतला बहुतेक डीएनए जिवाणूंचा असतो, प्राण्याचा अगदी थोडा. डीएनएच्या एखाद्या जागी आईकडून 'ए' हे अक्षर आणि बापाकडून 'जी' आलेलं असलं तरी नमुना कमकुवत असेल तर दोनपैकी एकच वाचला जातो. संगणक तिथे दोन्हीकडून सारखंच आलं असं लिहून मोकळा होतो. हजारो जागी हेच घडलं की तो प्राणी कागदावर सख्ख्या भावंडांचं अपत्य ठरतो.

हे ओळखायला सोपी युक्ती आहे. प्रत्येक नमुन्याची विषमयुग्मता (आई-बापाकडून वेगवेगळं अक्षर आलेल्या जागांचं प्रमाण) एका अक्षावर आणि सरासरी किती वेळा वाचन झालं ते दुसऱ्या अक्षावर मांडा. कमी वाचनाचे नमुनेच नेमके 'अंतःप्रजनित' निघत असतील तर दोष नमुन्यात आहे. काही नमुन्यांतून डीएनए दोनदा वेगवेगळा काढून निकाल जुळवा. जुळत नसतील तर तो आकडा लेखात छापा, लपवू नका.

यंत्राने पाडलेले गट

पीसीएच्या, म्हणजे जनुकीय साम्यानुसार नमुने ठिपक्यांनी मांडणाऱ्या आलेखात दोन झुबके दिसले की लगेच जिल्ह्यांची नावं देऊ नका. आधी ठिपक्यांना सिक्वेन्सिंगच्या (डीएनए वाचण्याच्या) फेरीनुसार रंग द्या. इल्युमिना कंपनीची काही यंत्रं अक्षरं ओळखताना दोनच रंगांवर चालतात आणि प्रकाश न दिसला की तिथे 'जी' मोजतात. जुनी चार रंगांची यंत्रं तसं करत नाहीत. एवढ्या फरकानेही गट पडतात. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक फेरीत सगळ्या ठिकाणांचे नमुने मिसळून लावा.

लांडग्याच्या डीएनएचे तुकडे कुत्र्याच्या जीनोमवर (संपूर्ण डीएनएवर) जुळवताना आणखी जपा. कुत्र्याशी जुळणारे तुकडे सहज बसतात, लांडग्याचे खास तुकडे गळतात, आणि शुद्ध लांडगाही थोडा संकरित दिसू लागतो. संकराचा प्रश्न खरा आहे. पुण्याजवळच्या एका प्राण्यात लांडगा-कुत्रा संकराचा जीनोमिक पुरावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. शिवाय 2021 च्या अभ्यासात भारतीय लांडग्याची शाखा करड्या लांडग्यांमधल्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक ठरली. त्यामुळे इथे खोटा संकर दाखवण्याची किंमत मोठी आहे.

नात्यातले प्राणी गाळायचे की ठेवायचे, हे प्रश्नावर ठरतं. गटरचना बघताना भावंडं गाळलेली बरी. प्रभावी संख्या (पुढच्या पिढीला जनुकं देणाऱ्या प्राण्यांचा अंदाज) काढताना मात्र सगळी भावंडं उडवलीत तर आकडा फुगतो, कारण लहान समूहात भावंडं जास्त सापडणं हीच तर लहानपणाची खूण असते.

आलेखातला दुष्काळ

एकाच जीनोमवरून समूहाच्या संख्येचा जुना इतिहास काढणाऱ्या पीएसएमसी या पद्धतीच्या रेषेत खड्डा दिसला की कुणीतरी म्हणतंच, हा 72 चा दुष्काळ. नाही. ही पद्धत साधारण दहा-वीस हजार वर्षांच्या अलीकडचं नीट दाखवतच नाही. त्याहून मागचं दाखवते तेही पिढीचा काळ आणि उत्परिवर्तनाचा वेग तुम्ही काय धरलात त्यावर सरकतं. समूह तुटून पुन्हा जोडले गेले तरी रेषा चढते-उतरते, प्राणी घटले-वाढले नसतानाही.

चालणं म्हणजे वंश मिसळणं नव्हे

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ 2021 मध्ये गौताळा अभयारण्यात पोचला आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये टिपेश्वरचाच आणखी एक धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात दिसला. बातम्या झाल्या, आनंदही झाला. पण जनुकांची देवाणघेवाण मोजायची तर त्या वाघाची पिल्लं जगली पाहिजेत. जिथे वाघीणच नाही तिथे तो नुसता पाहुणा. त्याच्या चालण्यावरून 'मराठवाडा जोडलेला आहे' असा निष्कर्ष काढू नका. ज्या वाटेने तो आला ती वाचवायला हवी, इतकंच म्हणता येईल.

उलट बाजूची चूक याहून घातक आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 2022 च्या डिसेंबरमध्ये खुला झाला. जालन्याजवळ त्याच्या दोन्ही अंगांना आज काळविटाचे नमुने घेतले तर एफएसटी (दोन समूह जनुकांनी किती वेगळे, याचं माप) जवळपास शून्य येईल. येणारच. समूह वेगळे झाल्याची खूण उमटायला पिढ्यान् पिढ्या लागतात. त्या शून्याच्या जोरावर 'रस्त्याचा परिणाम नाही' असं लिहिलंत तर पुढच्या प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात तुमचं नाव सापडेल. अशा ठिकाणी जवळची नाती शोधा: बाप रस्त्याच्या या बाजूला आणि रस्ता झाल्यानंतर जन्मलेलं पिल्लू त्या बाजूला, अशा जोड्या किती मिळतात? त्यासाठी एकाच भागातून भरपूर नमुने लागतात आणि जनावरांच्या वयाचा अंदाज लागतो. खर्च त्यावर करा, आणखी चार जिल्हे जोडण्यावर नको.

अहवाल देताना एफएसटीच्या शेजारी नमुने घेतल्याचं वर्ष आणि अडथळा उभा राहिल्याचं वर्ष, दोन्ही लिहा. गुहांचे आणि पिल्लं सापडल्याच्या जागांचे अक्षांश-रेखांश छापील लेखात टाकू नका. तालुक्याचं नाव पुरे, नेमकी जागा फक्त वन विभागाला बंद पाकिटात द्या.